कंपनीचा स्टिरिओ काढून दुसरा बसवताना मूळ वायरी कापू द्याव्यात का?

घोडबंदरवासी :

नमस्कार. आमच्याकडे २०१९ सालची मारुती स्विफ्ट आहे. मधल्या श्रेणीचे मॉडेल असल्याने तिच्यातला कंपनीचा स्टिरिओ रेडिओ, यूएसबी आणि ब्लूटूथ एवढ्यावर भागवणारा आहे. टचस्क्रीन नाही आणि मागचा कॅमेराही नाही. स्टिरिओ बिघडलेला नाही, आवाजाबद्दलही माझी फारशी तक्रार नाही. मात्र कासारवडवलीहून माजिवडा, कळवा, विटावा असे करत रोज महापेला जाताना पुढे कुठे किती खोळंबा आहे हे पाहण्यासाठी नकाशा सतत समोर लागतो, आणि काचेला चिकटवलेला मोबाइल उन्हात तापून मंद होतो, खड्ड्यात मान टाकतो व नेमका वळण घेताना कुणाचा तरी फोन आला की नकाशाच झाकला जातो. म्हणून टचस्क्रीन असलेला स्टिरिओ बसवावा, असे घरात ठरले आहे.

मी दोन ठिकाणी चौकशी केली. ठाण्यातील एका दुकानदाराने नऊ इंची अँड्रॉइड स्टिरिओ कॅमेऱ्यासह १४,००० रुपयांत सांगितला. ‘चार जीबी रॅम आहे, मोबाइलची गरजच नाही, दोन तासांत गाडी घेऊन जा,’ असे त्यांचे म्हणणे होते. तुमच्या गाडीचा कपलर (मूळ प्लगला नवा स्टिरिओ जोडणारा तयार जोड) बाजारात मिळत नाही, त्यामुळे मागच्या वायरी कापून नव्या स्टिरिओच्या वायरींना जोडाव्या लागतील, हेही त्यांनी अगदी सहजपणे सांगितले. वाशीतील दुसऱ्या दुकानाने एका नावाजलेल्या ब्रँडचा सात इंची स्टिरिओ, त्याची फ्रेम, कपलर आणि स्टिअरिंगच्या बटणांचा अडॅप्टर असे सर्व मिळून २४,००० रुपये सांगितले, कॅमेरा निराळा.

दहा हजारांचा हा फरक केवळ नावाचा आहे की त्यात खरोखरच काही मिळते, हे मला समजून घ्यायचे आहे. वायरी कापल्याने नेमके काय बिघडू शकते? स्टिअरिंगवरची आवाजाची बटणे चालू राहणे मला आवश्यक वाटते. शिवाय बाबा गाडीत बसले की अस्मिता वाहिनी आणि विविध भारती लावतात. नव्या स्टिरिओवर रेडिओ नीट लागत नाही असे ऐकले आहे, ते कितपत खरे आहे? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

मल्टिमीटर (ऐरोली) :

ताई, वायरी कापू देऊ नका. स्विफ्ट ही रस्त्यावर पावलोपावली दिसणारी गाडी आहे, आणि तिचा कपलर मिळत नाही हे म्हणणे पटण्यासारखे नाही. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा ऑनलाइन तो काही शे रुपयांत मिळतो. त्याच्या एका बाजूला गाडीच्या मूळ प्लगमध्ये बसणारे तोंड असते आणि दुसऱ्या बाजूला नव्या स्टिरिओचे. अशा जोडणीत गाडीच्या मूळ वायरिंगला कात्री लागत नाही, आणि उद्या गाडी विकायची झाली तर जुना स्टिरिओ अर्ध्या तासात जागेवर बसतो.

आता वायरी कापण्यात धोका कुठे आहे ते सांगतो. बाहेरच्या स्टिरिओंच्या वायरींना रंगांचा एक सर्वमान्य संकेत आहे. पिवळी म्हणजे बॅटरीचा कायम असणारा १२ व्होल्टचा पुरवठा, लाल म्हणजे चावी फिरवल्यावर येणारा पुरवठा, काळी म्हणजे अर्थिंगची, गाडीच्या पत्र्याला जोडायची. पांढरी जोडी पुढच्या डाव्या स्पीकरची, करडी पुढच्या उजव्याची, हिरवी मागच्या डाव्याची, जांभळी मागच्या उजव्याची. आणि प्रत्येक जोडीत काळी रेघ असलेली वायर ऋण बाजूची. मात्र गाडीच्या कंपनीने आतून टाकलेल्या वायरींचे रंग या संकेताशी बहुधा जुळत नाहीत. म्हणजे ज्याने वायर कापली, त्याने प्रत्येक वायर मीटर लावून ओळखली तरच जोडणी बरोबर होणार. आणि ‘दोन तासांत गाडी घेऊन जा’ म्हणणारा माणूस मीटर हातात घेईल अशी आशा मी तरी धरणार नाही.

पिवळी आणि लाल यांची अदलाबदल झाली तर गाडी बंद करताच घड्याळ, लावलेली स्टेशने आणि आवाजाच्या सगळ्या मांडण्या पुसल्या जातात. दोन्ही वायरी कायमच्या पुरवठ्याला जोडल्या तर गाडी बंद असतानाही स्टिरिओ जागा राहतो आणि बॅटरी उतरते. स्पीकरच्या एका जोडीत धन आणि ऋण उलटे लागले तर काही जळत नाही, पण एक स्पीकर पुढे ढकलत असताना दुसरा मागे ओढतो, आणि तबला किंवा बासचा भरीवपणा नाहीसा होतो; गिऱ्हाइकाला वाटते की स्टिरिओच हलका आहे. सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे स्पीकरची ऋण वायर गाडीच्या पत्र्याला अर्थ म्हणून जोडणे. जुन्या काळच्या रेडिओंत ते चालून जात असे. आजच्या स्टिरिओंत स्पीकरच्या दोन्ही वायरींवर पुरवठ्याच्या साधारण निम्मा व्होल्टेज असतो, आणि त्यांतली कोणतीही पत्र्याला टेकली की संरक्षण काम न केल्यास आतली अँप्लिफायरची चिप जाते.

सांध्याचाही प्रश्न आहेच. पीळ देऊन वर काळी टेप गुंडाळलेला सांधा पहिल्या दिवशी उत्तम चालतो. पण भर उन्हात उभ्या असलेल्या गाडीच्या डॅशबोर्डमागे टेपचा गोंद पातळ होऊन ती सरकते, आणि मग खड्ड्यागणिक वायरी एकमेकींना घासू लागतात. सांधा करावाच लागला तर तो सोल्डर केलेला किंवा योग्य क्रिंप (दाबून बसवायची धातूची नळी) लावलेला असावा, त्यावर तापवून आवळणारी नळी असावी आणि सगळा झुपका कापडी टेपने बांधलेला असावा, म्हणजे आतून खडखडही होत नाही.

स्टिअरिंगच्या बटणांचे काम त्या मानाने सोपे आहे. मारुतीच्या बहुतेक गाड्यांत प्रत्येक बटणामागे निरनिराळ्या मूल्याचा रोध (रेझिस्टर) असतो. बटण दाबले की एकाच वायरीवरचा व्होल्टेज बदलतो आणि त्यावरून स्टिरिओ ओळखतो की आवाज वाढवायचा आहे की फोन उचलायचा आहे. अँड्रॉइड स्टिरिओंत यासाठी ‘की १’ आणि ‘की २’ अशा वायरी थेट दिलेल्या असतात आणि प्रत्येक बटण दाबून त्याला शिकवावे लागते. ब्रँडेड स्टिरिओंना बहुधा वेगळा अडॅप्टर लागतो. ज्या गाड्यांत ही बटणे कॅन बस या डिजिटल जाळ्यावरून बोलतात, तिथे त्या जाळ्याचा संदेश उलगडणारा छोटा डबा घ्यावा लागतो आणि तो नेमका त्या मॉडेलचाच असावा लागतो.

कोणी बटणांसाठी स्टिअरिंग उघडतो म्हणाला तर गाडी तिथून काढा. त्याची गरज नसते, आणि तिथे एअरबॅग असते. एअरबॅगच्या वायरींवरचे आवरण आणि कपलर सहसा पिवळे असतात. स्टिरिओच्या पिवळ्या वायरीशी त्यांचा काहीही संबंध नाही, आणि त्यांना मीटरचे टोकसुद्धा लावायचे नसते. काम सुरू करण्याआधी बॅटरीची ऋण बाजू सोडायला सांगा आणि नंतर काही मिनिटे थांबू द्या.

नेरुळचा श्रोता :

वरचा प्रतिसाद वायरिंगच्या दृष्टीने परिपूर्ण आहे, पण माझे मत थोडे निराळे आहे. कंपनीचा स्टिरिओ चांगला चालत असताना तो काढण्याचे प्रयोजन मला समजत नाही. लोक डब्यावरचे ‘५० वॉट गुणिले ४’ वाचून भुलतात. हा आकडा कुठून येतो ते पाहा. गाडी चालू असताना पुरवठा साधारण १४.४ व्होल्ट, स्पीकरचा रोध ४ ओहम. १४.४ चा वर्ग केला आणि ४ ने भागले की सुमारे ५२ येतात. पण हे गणित तेव्हाच खरे ठरते, जेव्हा स्टिरिओ पूर्ण ताकदीने आवाज फाटेपर्यंत चौकोनी लहर बाहेर काढत असतो. स्वच्छ लहरीसाठी याच्या निम्मी शक्तीही जेमतेम मिळते, आणि आतले नुकसान वजा केले की प्रत्येक स्पीकरमागे सुमारे १८ ते २२ वॉट उरतात. कंपनीच्या स्टिरिओमधूनही जवळपास तेवढेच मिळत असतात. त्यामुळे चौदा हजारांचा असो वा चोवीस हजारांचा, निव्वळ स्टिरिओ बदलून आवाज मोठा होईल ही समजूत सोडून द्यावी.

आवाज सुधारायचा असेल तर आधी पुढच्या दारांतले कागदी शंकूचे स्पीकर बदलावेत आणि दाराच्या पत्र्यावर कंप शोषणारे जाड पत्रे चिकटवावेत. सहा–सात हजारांत जो फरक पडतो तो स्टिरिओने पडत नाही. नकाशासाठी मोबाइलचा चांगला होल्डर पुरेसा आहे.

मल्टिमीटर (ऐरोली) :

वॉटचे गणित अगदी बरोबर आहे, आणि ते दुकानात टांगून ठेवावे असे आहे. पण आवाजाबद्दल तक्रार नाही हे ताईंनी पहिल्याच परिच्छेदात लिहिले आहे. त्यांची गरज नकाशाची आणि कॅमेऱ्याची आहे. तिला स्पीकर हे उत्तर होऊ शकत नाही.

घोडबंदरवासी :

दोघांचेही मनापासून आभार. काल ठाण्यातील दुकानदारांना मी पुन्हा भेटले आणि कपलर मी स्वतः आणून दिला तर वायरी न कापता बसवाल का, असे विचारले. ते तयार झाले. त्यामुळे आता प्रश्न स्टिरिओच्या निवडीपुरताच उरला आहे. त्यांनी दुकानात चालू करून दाखवलेला नऊ इंची स्टिरिओ दिसायला फारच आकर्षक होता, त्यात नकाशा थेट चालतो, यूट्यूबही चालते. वाशीच्या दुकानातील सात इंची त्यापुढे अगदीच साधा वाटला. तो मोबाइल जोडल्याशिवाय नकाशा दाखवत नाही. मग जास्त पैसे कशासाठी द्यायचे?

सानपाड्याहून सायनला :

ताई, हे दोन निरनिराळे प्रकार आहेत आणि दुकानांत त्यांची सर्रास सरमिसळ केली जाते.

अँड्रॉइड स्टिरिओ म्हणजे डॅशबोर्डमध्ये बसवलेला टॅबलेट. त्यात स्वतःचा प्रोसेसर, स्वतःची रॅम आणि स्वतःची अ‍ॅप असतात, आणि नकाशावर ताजी वाहतूक दिसण्यासाठी त्याला सिमकार्ड किंवा मोबाइलचे हॉटस्पॉट लागते. त्याची गती आज जी आहे तीच त्याची उमेदीतली गती समजावी, कारण अ‍ॅप दर वर्षी जड होत जातात आणि अशा स्टिरिओंना अद्ययावत प्रणाली क्वचितच मिळते. दुसरी गोष्ट अशी की, स्वस्त स्टिरिओंमध्ये सेटिंगच्या पानावर लिहिलेली रॅम आणि अँड्रॉइडची आवृत्ती खरी असतेच असे नाही. कारखान्यातून भरलेल्या सॉफ्टवेअरमध्ये ते आकडे हवे तसे लिहिता येतात. म्हणून आकडा वाचू नका, स्टिरिओला कामाला लावून पाहा. नकाशावर मार्गदर्शन सुरू करा, मागे गाणे लावा, त्यातच ब्लूटूथवर फोन घ्या आणि लगेच रिव्हर्स गिअर टाकून कॅमेरा किती वेळाने दिसतो ते बघा. या परीक्षेत अडखळणारा स्टिरिओ मे महिन्यात दुपारी तापलेल्या गाडीत आणखी अडखळणार हे नक्की.

वाशीला पाहिलात तो प्रकार अँड्रॉइड ऑटो आणि कारप्ले चालवणारा रिसीव्हर आहे. त्यात नकाशा चालतो तो तुमच्या मोबाइलवर. स्टिरिओ फक्त दाखवतो आणि बोटाचा स्पर्श परत पाठवतो. त्यामुळे स्टिरिओ पाच वर्षांचा झाला तरी मोबाइल नवा घेतला की नकाशाही ताजातवाना होतो. फोन आला तरी मार्गदर्शन चालू राहते. केबलने जोडलेला मोबाइल सर्वांत भरवशाचा. केबल मात्र माहिती वाहून नेणारी हवी, नुसती चार्जिंगची नको. बिनतारी जोडणीत ओळख ब्लूटूथने पटते आणि प्रत्यक्ष चित्र वाय-फायवरून जाते, त्यामुळे मोबाइल तापतो आणि बॅटरीही भराभर उतरते. तुमची मूळ तक्रारच मोबाइल तापण्याची आहे, तेव्हा केबलच वापरा आणि मोबाइल सावलीत, गिअरजवळच्या कप्प्यात ठेवा. अँड्रॉइड स्टिरिओतही हे सारे चालते असे दुकानदार सांगतील. चालते खरे, पण मध्ये आणखी एक अ‍ॅप असते आणि ते रुसले की दाद कुणाकडे मागायची हा प्रश्न असतो. मी स्वतः दुसऱ्या प्रकाराच्या बाजूचा आहे, भले स्क्रीन दोन इंचांनी लहान असो.

आता रेडिओ, ज्याचा प्रश्न सगळ्यांनी बाजूला ठेवला. अस्मिता वाहिनी मध्यम लहरींवर (म्हणजे एएमवर), ५५८ किलोहर्ट्झला लागते. अनेक स्वस्त स्टिरिओंत मध्यम लहरी एक तर नसतातच, किंवा असून नसल्यासारख्या असतात, म्हणून घेण्याआधी दुकानाच्या बाहेर, मोकळ्यावर, प्रत्यक्ष लावून बघा. असल्या तरी प्रदेशाची निवड तपासायला हवी, आणि ही गोष्ट बसवणाऱ्यांच्या हमखास लक्षात येत नाही. आपल्याकडे मध्यम लहरींची स्टेशने ९ किलोहर्ट्झच्या टप्प्यांवर असतात आणि अमेरिकेत १० च्या. स्टिरिओ अमेरिकेच्या मांडणीवर राहिला तर तो ५५० वरून थेट ५६० वर उडी मारतो आणि ५५८ मधल्या मध्ये राहून जाते. एफएमचेही तसेच आहे. अमेरिकेच्या मांडणीत तो फक्त विषम दशांशांवर थांबतो, म्हणजे ९८.३ आणि ९३.५ लागतील, पण बाबांची विविध भारती १०२.८ वर असल्याने काही केल्या सापडणार नाही आणि दोष अँटेनाला दिला जाईल.

अँटेनाचा दोषही असतो, पण तो निराळा. काही गाड्यांत छतावरच्या अँटेनाच्या बुडाशी एक छोटा अँप्लिफायर असतो आणि त्याला कंपनीचा स्टिरिओ वीज पुरवत असतो. नव्या स्टिरिओची निळी वायर त्या कामासाठी असते. ती मोकळी सोडून दिली की कासारवडवलीत जेमतेम लागणारे स्टेशन गायमुखच्या पुढे नुसते खरखरते. एवढे करूनही मध्यम लहरी नीट लागल्या नाहीत तर आकाशवाणीचे मोबाइल अ‍ॅप आहेच. त्यावर अस्मिता वाहिनी स्वच्छ ऐकू येते.

कागदपत्रे आधी (बेलापूर) :

तांत्रिक बाजू झाली आहे, म्हणून फक्त कागदांचे लिहितो. स्टिरिओ बदलल्याने नोंदणी प्रमाणपत्रातील कोणताही तपशील बदलत नाही, त्यामुळे मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ खाली आरटीओची परवानगी घेण्याचा प्रश्न येत नाही. गाडी २०१९ ची आहे, तेव्हा मूळ वॉरंटीही संपलेली असणार. वाढीव वॉरंटी घेतली असेल तर मात्र कापलेली वायर हे विजेच्या कोणत्याही बिघाडाचा दावा नाकारण्यासाठी आयते कारण ठरते.

विम्याकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. गाडीची विमा रक्कम कंपनीने दिलेल्या मूळ गाडीवर ठरते. नंतर बसवलेला स्टिरिओ तीत आपोआप धरला जात नाही. तो ‘इलेक्ट्रिकल अ‍ॅक्सेसरीज’ या रकान्यात वेगळा नोंदवावा लागतो. आयएमटी २४ या पुरवणी कलमाखाली त्याचा हप्ता वस्तूच्या किमतीच्या ४ टक्के धरण्याची पद्धत आहे. म्हणजे २५,००० रुपयांच्या स्टिरिओसाठी वर्षाला १,००० रुपये, अधिक लागू असेल तो कर. विटाव्याच्या रेल्वेपुलाखाली पावसाळ्यात कसे पाणी साचते ते तुम्ही रोजच बघत असाल. त्या रस्त्याने जाणाऱ्याने हा हप्ता वाचवू नये. दावा करण्याच्या वेळी जीएसटी क्रमांकाचे बिल आणि त्यावर स्टिरिओचा अनुक्रमांक लागतो. ‘बिल नको असेल तर हजार कमी’ हा सौदा नाकारावा.

आणखी एक. मोटार वाहन (चालन) विनियम, २०१७ नुसार गाडी चालू असताना चालकाने चित्रफीत पाहण्यास मनाई आहे. रस्त्याच्या मार्गदर्शनापुरता स्क्रीन वापरण्याची तेवढी मुभा आहे. यूट्यूब चालते हा त्या नऊ इंचीचा गुण म्हणून धरू नका.

घोडबंदरवासी :

यूट्यूबचा मोह सोडला आहे. आज वाशीच्या दुकानात जाऊन सात इंची स्टिरिओवर रेडिओ लावून पाहिला. प्रदेशाची निवड खरोखरच अमेरिकेची होती, ती बदलल्यावर १०२.८ लगेच लागले. ५५८ दुकानाच्या आत खरखरत होते, रस्त्यावर बरे लागले. शनिवारी गाडी द्यायचे ठरवले आहे आणि कॅमेराही तिथूनच घेते आहे. बिल पूर्ण देणार आहेत. त्यांच्या मुलाने सहज विचारले की हँडब्रेकची वायर अर्थ करून देऊ का, म्हणजे सगळे चालू असताना वापरता येईल. त्याला काय उत्तर द्यावे? आणि गाडी ताब्यात घेताना काय तपासावे?

मल्टिमीटर (ऐरोली) :

नको म्हणून सांगा. पोपटी रंगाची ती वायर हँडब्रेकच्या स्विचलाच जोडायला लावा. ती जागेवर असली की गाडी चालू असताना चित्रफिती आणि काही सेटिंग बंद राहतात, नकाशाला काहीही अडत नाही.

कॅमेऱ्याची वायर मागच्या दारातून आत घेताना रबराच्या नळीतूनच घ्यायला लावा. घाईत ती दाराच्या फटीतून ओढतात. मग दार दर वेळी तिच्यावर आपटते आणि पहिल्याच पावसात त्या वायरीच्या कडेने पाणी डिकीत उतरते. कॅमेऱ्याला वीज रिव्हर्सच्या दिव्यावरून मिळेल. स्टिरिओला रिव्हर्स पडल्याची खूण देणारी वायर वेगळी असते, तीही जोडल्याशिवाय स्क्रीन आपोआप बदलणार नाही. चित्र काळे आले किंवा वरखाली सरकू लागले तर कॅमेरा खराब ठरवण्याआधी सेटिंगमध्ये त्याचा प्रकार, म्हणजे साधा की एएचडी (जास्त स्पष्ट चित्राचा), बरोबर निवडला आहे का ते पाहा.

गाडी ताब्यात घेताना आवाज एकेका कोपऱ्यात फिरवून चारही स्पीकर आपापल्या जागी बोलतात का ते ऐका. गाडी बंद करून पुन्हा चालू करा. लावलेली स्टेशने टिकायला हवीत. हेडलाइट लावल्यावर स्क्रीन मंद व्हायला हवा, नाहीतर रात्री मुंब्रा बायपासवर डोळ्यांना त्रास होईल. धोक्याच्या दिव्यांचे बटण आणि एसीचे सगळे दट्टे दाबून बघा, कारण डॅशबोर्डची पट्टी काढताना कुठला तरी छोटा प्लग परत लावायचा राहतो. फ्रेम आणि डॅशबोर्ड यांच्यामध्ये नख जाईल एवढी फट दिसली तर तिथेच उभे राहून ती नीट बसवून घ्या. नंतर कोणी लक्ष देत नाही.

शेवटची तपासणी मीटरची, आणि ती दुकानातच करून मागा. गाडी बंद, दारे बंद, अर्धा तास थांबायचे आणि मग बॅटरीच्या ऋण बाजूला मीटर मालिकेत लावून पाहायचे. धोका नको म्हणून मीटर दहा अँपिअरच्या मापावर असावा, आणि तो लावलेला असताना कोणीही चावी फिरवायची नाही. ५० मिलिअँपिअरच्या आत आकडा आला तर निर्धास्त राहा. ३०० आला तर दिवसाला ७.२ अँपिअर-तास जातात. ३५ अँपिअर-तासांची बॅटरी दिवाळीत गावाला जाऊन येईपर्यंत गाडी चालू करण्याच्या लायकीची राहणार नाही. असे झाले तर लाल वायर चुकीच्या पुरवठ्यावर आहे असा पहिला संशय धरा.

जुना स्टिरिओ, त्याच्या मागच्या कंसपट्ट्या आणि स्क्रू दुकानात सोडू नका. बदल्यात पाचशे रुपये देऊ म्हणतील, तरीही घरी आणा.